सातवीनंतर कोणते हायस्कूल? खानापूर तालुक्यातील तीन शाळांची तुलना

कर्नाटकात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी सातवीला संपते आणि हायस्कूल आठवीपासून सुरू होते. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगडात पाचवीला माध्यमिक शाळेत नाव घातलेले मूल दहावीपर्यंत तिथेच राहू शकते. इकडे मात्र मुलगी एकटीने बसने जाण्याइतकी मोठी झाली की नाही यावर घरात एकमत होत नाही, नेमक्या त्याच वयात शाळा आणि पुष्कळदा गावही बदलावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील आमच्या खानापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये घरोघरी हाच विषय असतो. यंदा पुतणीच्या निमित्ताने तो आमच्याकडे आला आणि मराठी माध्यमाची तीन हायस्कुले आम्ही आत जाऊन, वर्गांत डोकावून, शिक्षकांशी बोलून पाहिली. त्यांतील एक सरकारी आहे, दुसरे खेड्यातील अनुदानित आणि तिसरे शहरातील अनुदानित. शाळांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एका शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाली की अशा शाळेचे सगळे चित्र पालटते, आणि पुढच्या वर्षी खोटा ठरेल असा शिक्का कोणत्याही शाळेवर मारणे बरे नव्हे.

कसोट्या दोनच धरल्या. गणित आणि विज्ञान मराठीतून शिकवणारा कायमचा शिक्षक त्या शाळेत आहे का, ही पहिली. आणि जुलै महिन्यात मूल तिथे रोज पोहोचते का, ही दुसरी. इमारत, मैदान, संगणक कक्ष आणि प्रवेशद्वारावरचा निकालाचा डिजिटल फलक या गोष्टी त्यानंतरच्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा क्रम उलटा वाटेल, परंतु आमच्या भागात दहावीला नापास होणारी मुले प्रामुख्याने कोणत्या विषयांत अडकतात आणि शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुली कशामुळे सोडतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना तो पटावा.

सरकारी हायस्कूल तालुक्याच्या पूर्वेकडील एका मोठ्या गावात आहे. तिकडे जमीन सपाट, पाऊस बेताचा आणि वस्ती कानडी-मराठी मिश्र असल्यामुळे एकाच आवारात कन्नड आणि मराठी असे दोन्ही माध्यमांचे वर्ग भरतात. तिन्ही शाळांत वर्गखोल्या इथल्याच चांगल्या आहेत. फरशी, बाके, पंखे सगळे जागच्या जागी आहे, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी आहे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटत असल्यास ती आणखी किती शाळांत आहे हे पाहून यावे. पाठ्यपुस्तके आणि गणवेश मोफत मिळतात. मुख्याध्यापिकांनी आम्हाला हजेरीपत्रक उघडून दाखवले, आठवीचा कोणता मुलगा का येत नाही हे नावानिशी सांगितले आणि त्यांपैकी एकाच्या घरी त्या स्वतः जाऊन आल्याचे बोलता बोलता कळले. सरकारी हायस्कूलमधील शिक्षक पदवी आणि बी.एड. करून स्पर्धा परीक्षेतून निवडलेले असतात, त्यामुळे विषयाचे ज्ञान सहसा कच्चे नसते.

अडचण भाषेची आहे. भरती अनेक जिल्ह्यांच्या विभागाच्या पातळीवरची आणि बदल्याही तशाच असल्याने विज्ञानाला आलेले शिक्षक कन्नड भाषक आहेत. माणूस मनापासून शिकवणारा आहे, पण फळ्यावर आकृती मराठी पुस्तकातली, स्पष्टीकरण कन्नडमधून आणि महत्त्वाच्या संज्ञा इंग्रजीत, असा तो तास चालतो. आम्ही मागच्या बाकावर बसून विद्युतधारेचा एक तास ऐकला. पुढच्या दोन रांगांतील, घरी किंवा गल्लीत कन्नड बोलणारी मुले उत्तरे देत होती. मागची मुले वहीत आकृती सुबक काढून गप्प बसली होती. गणिताचे पद रिकामे असून तिथे अतिथी शिक्षक येतात. अतिथी शिक्षकांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, ती शाळा सुरू होताच होते असे नाही, आणि तोपर्यंत गणिताच्या तासाला जे शिक्षक मोकळे असतील ते वर्ग सांभाळतात. याच शाळेची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे, कारण मराठी पालक ती मोजतच नाहीत. इथली मुले तीन वर्षांत न अडखळता कन्नड बोलू लागतात. ज्या राज्यात तलाठ्याच्या कचेरीपासून महाविद्यालयाच्या कार्यालयापर्यंत सारे कागद कन्नडमध्ये आहेत, तिथे ही कमाई लहान नव्हे, आणि मराठीचा अभिमान बाळगून ती करता येते.

खेड्यातील अनुदानित शाळा पश्चिमेच्या जंगलपट्ट्यात आहे. कौलारू, लांबोडकी इमारत. समोर लाल मातीचे अंगण. एका शिक्षण संस्थेने जुन्या काळी लोकवर्गणीतून ती उभी केली आणि कायम शिक्षकांचे वेतन आजही सरकारी अनुदानातून होते. पहिल्या नजरेत ही शाळा कुणालाही आवडणार नाही. नववीच्या वर्गात दोन ठिकाणी गळती आहे, तिथली बाके सरकवून खाली प्लास्टिकच्या बादल्या ठेवल्या होत्या, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ओळीने बूट वाळत घातलेले होते, कारण मुले पायवाटेने भिजत येतात आणि वर्गात अनवाणी बसतात. प्रयोगशाळा म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन कपाटे. मात्र त्या कपाटांची कुलपे उघडी होती आणि परीक्षानळ्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या. दहावीच्या प्रयोगवहीतील शेवटची नोंद त्याच आठवड्यातली होती. शहरातील शाळेची प्रशस्त प्रयोगशाळा पाहिल्यानंतर या नोंदीचे महत्त्व जास्त कळले.

गणिताचे शिक्षक याच पंचक्रोशीतले, वर्षानुवर्षे याच शाळेत आहेत. अनुदानित शाळेत सरकारीसारख्या सारख्या बदल्या होत नाहीत, हे तिचे मोठे बळ आहे. शिक्षक चांगला लागला तर तो मुलांच्या एका पिढीला पुरतो आणि वाईट लागला तर तोही तितकाच पुरतो, हा त्यातला धोका. इथे नशीब चांगले आहे. ते शाळा भरण्यापूर्वी दहावीचा जादा तास घेतात, उदाहरण मराठीत समजावतात आणि प्रत्येक संज्ञा फळ्याच्या उजव्या बाजूला इंग्रजीतही लिहून ठेवतात, कारण दहावीनंतर विज्ञान शाखेची पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, इंग्रजीतच शिकावी लागते आणि मराठी माध्यमाचे मूल तिथे पहिले सहा महिने बावरते ते विषयामुळे नव्हे, शब्दांमुळे. या शाळेचा दोष रिकाम्या पदांचा आहे. निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा भरण्यास अनुदानित संस्थेला सरकारची परवानगी लागते आणि ती मिळता मिळता वर्षे जातात. तोवर संस्था स्वतःच्या खर्चाने, तुटपुंज्या मानधनावर कुणालातरी नेमते. समाजविज्ञान आणि इंग्रजी या दोन विषयांत सध्या तसेच चालले आहे, आणि इंग्रजीच्या बाबतीत ते परवडण्यासारखे नाही. कन्नडही इथे परीक्षेपुरतेच शिकवले जाते.

शहरातील शाळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तिची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे आणि ती निम्मीअर्धी खरी आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडाशिक्षक, सगळे आहे. सर्व विषयांना शिक्षक आहेत. पण आठवीच्या एका तुकडीत मुले इतकी आहेत की शिक्षकांना शेवटच्या बाकापर्यंत जायला वाट नाही. प्रयोगशाळेची काचेची कपाटे बंद होती आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी रजेवर होते. हुशार मुलांची वेगळी तुकडी करून तिच्यावर मेहनत घेतली जाते, हे आम्हाला कुणी लपवून सांगितले नाही, उलट कौतुकाने सांगितले. उरलेल्यांची मदार शिकवणीवर असते. ज्यांचे मूल पहिल्या दहात येणारे आहे आणि ज्यांचे घर शहरातच आहे, त्यांनी ही शाळा निःशंकपणे घ्यावी.

फलकावरील टक्केवारीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पालकांची सर्वाधिक फसगत तिथेच होते. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातील दहावीची परीक्षा, एकूण 625 गुणांची असते. पहिल्या भाषेला 125 आणि बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी 100. त्या शंभरांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेने द्यायचे अंतर्गत गुण असतात. अंतर्गत गुणांत हात आखडता घेणारी शाळा शोधून सापडायची नाही. शिवाय ‘शंभर टक्के निकाल’ याचा अर्थ बसलेल्यांपैकी शंभर टक्के, हे लक्षात ठेवावे. नववीच्या हजेरीपत्रकावर किती नावे होती आणि त्यांपैकी कितीजण दहावीच्या परीक्षेला बसले, हा प्रश्न मुख्याध्यापकांना जरूर विचारावा. आम्ही तो तिन्ही ठिकाणी विचारला. सरकारी आणि खेड्यातील शाळेने रजिस्टर पुढे केले, शहरातील शाळेने चहा पुढे केला.

आणखी एक बाब म्हणजे 2024 पूर्वीच्या निकालांवर आज कोणतेही मत बनवू नये. त्या वर्षी परीक्षा मंडळाने केंद्रांवर कॅमेरे बसवून वर्गांचे थेट प्रक्षेपण नियंत्रण कक्षात पाहण्याची पद्धत सुरू केली आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 83.89 टक्क्यांवरून 73.40 टक्क्यांवर आला, तोही वाढीव कृपागुण दिल्यानंतर. ज्या शाळांचा आलेख त्या वर्षी कोसळला त्यांनी आधी काय केले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ज्यांचा तो कोसळला नाही, त्या शाळा गाळीव सोने समजाव्यात. आम्ही पाहिलेली जंगलपट्ट्यातील शाळा या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याच वर्षापासून वर्षाला एकाहून अधिक परीक्षा होऊ लागल्या आहेत, त्यामुळे पहिल्या परीक्षेचा निकाल आणि शेवटच्या परीक्षेनंतरचा निकाल असे दोन वेगवेगळे आकडे शाळेकडे असतात. फलकावर कोणता आहे ते विचारून घ्यावे. तसेच आपल्या महसुली जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येते, निपाणी-अथणी चिक्कोडीत, म्हणून वर्तमानपत्रातील ‘जिल्ह्याचा निकाल’ वाचताना तो कोणाचा, हे पाहावे.

आता येण्याजाण्याचे. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बसचे तिकीट लागत नाही, मुलांना सवलतीचा पास काढावा लागतो. पैशाचा प्रश्न मुलींपुरता सुटला, परंतु बस तितक्याच राहिल्या आणि गर्दी वाढली. सकाळची वस्तीची बस अडवून धरली तर आठवीच्या मुलीला आत शिरायला मिळते, नाही तर ती पुढच्या बसची वाट पाहत दुसरा तास बुडवते. संध्याकाळचे संकट वेगळे आहे. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावांत अंधार पडल्यावर अस्वल किंवा गवा आडवा येणे ही गोष्टीतली बाब नाही, आणि त्यामुळे शाळा सुटल्यानंतरचे जादा तास कितीही चांगले असले तरी तिकडच्या मुलींच्या काही उपयोगाचे नाहीत. पावसाळ्यात ओढ्यांवर गावकऱ्यांनी घातलेले लाकडी साकव वाहून गेले की शाळा बंद नसतानाही मुलांची शाळा बंद होते. खेड्यातील अनुदानित शाळेने जादा तास सकाळी ठेवला आहे तो हे ओळखूनच, आणि जुलैमध्ये ओढ्यापलीकडील मुलांना गावातल्या ओळखीच्या घरी राहण्याची सोय शिक्षकच करून देतात. सरकारी शाळेचा प्रवास तिन्हींत सुखाचा आहे, रस्ता चांगला आणि बस अधिक. आमच्या गावाहून मात्र ती दूर पडते.

दुपारचे जेवण सरकारी आणि अनुदानित अशा दोन्ही प्रकारच्या शाळांत दहावीपर्यंत मिळते, दूध मिळते, अंडे किंवा केळे मिळते. तिन्ही ठिकाणी भात-सांबार गरम होते. अनुदानित शाळेत फी नाममात्र असते, परंतु ‘विकास निधी’ म्हणून काही घेतले जाते. त्याची पावती मागावी. शहरातील शाळेत आम्ही मागितली तेव्हा समोरच्या कारकुनाने आमच्याकडे जरा वेळ पाहिले.

पालक ज्याचा विचार करीत नाहीत असा एक मुद्दा दहावीनंतर पाच-सहा वर्षांनी नव्हे, तर दोनच वर्षांनी समोर येतो. कर्नाटकाच्या सीईटीतून अभियांत्रिकी किंवा इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना 15 टक्के जागा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि त्यासाठी पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेतच शिकलेले असावे लागते. शहराच्या हद्दीतील शाळेत आठवीला नाव घातले की सात वर्षांची ती पुण्याई एका झटक्यात संपते. मुलाला ‘चांगल्या शाळेत’ म्हणून बेळगावला मामाकडे किंवा आत्याकडे ठेवणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे. हुशार पण गरीब घरातील मुलासाठी खेड्यातील बरी शाळा ही शहरातील नामांकित शाळेपेक्षा इथे हिशोबाने सरस ठरते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील काही घरांत मुलांना आठवीला थेट चंदगड तालुक्यात घालावे काय, असाही विचार असतो. शिक्षण सगळे मराठीत, शिक्षक मराठी, पुस्तके वेळेवर. आकर्षण वाटणे साहजिक आहे. कर्नाटकात सीईटीसाठी पहिली ते बारावीच्या दरम्यान किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असणे आणि दहावी किंवा पीयूसी यांपैकी एक राज्यातून उत्तीर्ण होणे आवश्यक असते. म्हणजे सातवीपर्यंत इकडे, दहावी तिकडे आणि पीयूसी पुन्हा बेळगावात, असे केल्यास कर्नाटकाचा दरवाजा बंद होत नाही, पण ग्रामीण कोटा जातो आणि मधली तीन वर्षे कन्नड सुटते. उलट बाजूही आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना सीमाभागातील शाळांतून दहावी-बारावी करूनही महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाच्या कोट्यातून प्रवेश मागता येतो. तेव्हा महाराष्ट्रात पुढे शिकायचे म्हणून दहावीच तिकडे केली पाहिजे, अशी सक्ती नाही.

निवासी शाळांविषयी एवढेच, की नवोदय, मोरारजी देसाई निवासी शाळा आणि कित्तूरची मुलींची सैनिक शाळा यांचे मुख्य प्रवेश सहावीला होतात. सातवीच्या निकालानंतर त्यांची चौकशी करणाऱ्यांना गाडी सुटून गेल्याचे कळते. धाकटी भावंडे पाचवीत असतील तर मात्र आत्ताच अर्जाच्या तारखा पाहाव्यात.

शाळेची परीक्षा घेण्याचा एक सोपा उपाय आमच्या हाती लागला, तो सांगण्यासारखा आहे. आठवीत असताना एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. सरकारी व अनुदानित शाळांत शिकणाऱ्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना ती असते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. शाळेला यातून स्वतःला काहीच मिळत नाही. फलकावर टाकण्याजोगा आकडाही फारसा मोठा होत नाही. म्हणूनच या परीक्षेला मुले बसवणारी, त्यासाठी शनिवारी दुपारी थांबणारी शाळा कोणती, हे पाहिले की शिक्षकांची नियत कळते. खेड्यातील शाळेत मागील प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून टेबलावर होता. सरकारी शाळेत मुख्याध्यापिकांनी यंदापासून सुरू करीत असल्याचे सांगितले आणि त्या करतील असे वाटते. शहरातील शाळेत ही परीक्षा फक्त पहिल्या तुकडीला देतात.

पुतणीचे नाव खेड्यातील अनुदानित शाळेत घालायचे ठरले आहे. इंग्रजीसाठी घरी कुणीतरी बसावे लागेल, आणि कन्नडसाठी शेजारच्या गावातील एका निवृत्त बाईंना विचारले आहे. सरकारी शाळेत गणिताला कायम शिक्षक, तोही मराठी जाणणारा, रुजू झाला तर पूर्वेकडील गावांतल्या पालकांनी दुसरीकडे पाहण्याचे कारण राहणार नाही.

दाखला काढताना एक काळजी घ्यावी. प्राथमिक शाळेने एसएटीएस या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीत नोंदवलेले मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव कन्नड व इंग्रजी दोन्ही लिप्यांत छापून घेऊन आधार कार्डाशी ताडून पाहावे. मराठी आडनावे कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादे अक्षर हमखास बदलते, आणि तेच पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर उतरते. दुरुस्ती आठवीत मुख्याध्यापकांच्या पातळीवर मार्गी लागू शकते, गुणपत्रिका हातात पडल्यावर मात्र मंडळाच्या कार्यालयापर्यंत चपला झिजवाव्या लागतात.